दुहेरीचा खेळाडू, एकेरीचा गुरू : टोनी रोच यांची टेनिस-कारकीर्द

टेनिसच्या स्पर्धांचे वृत्त वाचणाऱ्याच्या स्मरणात राहतो तो एकेरीचा विजेता. दुहेरीच्या निकालास वृत्तपत्रात बहुधा अखेरच्या दोन-तीन ओळी मिळतात आणि त्या ओळींतील नावे दुसऱ्या दिवशी विस्मृतीत जातात. विम्बल्डनची स्पर्धा १९६८ साली व्यावसायिक खेळाडूंना प्रथमच खुली झाली, तेव्हा पुरुष एकेरीच्या विजेत्यास दोन हजार पौंडांचे पारितोषिक ठेवण्यात आले होते. पुरुष दुहेरीच्या विजयी जोडीस मिळून आठशे पौंड. म्हणजे जोडीतील प्रत्येकाच्या वाट्यास चारशे. दुहेरीत जिंकणाऱ्या खेळाडूचे मोल आयोजकांच्या लेखी एकेरीतील विजेत्याच्या एक-पंचमांश होते.

त्या वर्षी हे आठशे पौंड घेणाऱ्या जोडीत ऑस्ट्रेलियाचे टोनी रोच हे होते. एकेरीच्या अंतिम सामन्यातही तेच होते. तेथे रॉड लेव्हर यांनी त्यांना सरळ तीन सेटमध्ये हरविले. रोच यांच्या खेळाडू म्हणून कारकीर्दीचे सारे स्वरूप या एका पंधरवड्यात दिसून येते. एकेरीतील मोठे अजिंक्यपद एकच, तेथे अंतिम फेरीतील पराभव मात्र पाच. दुहेरीत तेरा अजिंक्यपदे. आणि ऐन बहराच्या काळात दगा देणारा डावा हात. परंतु त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी प्रशिक्षक म्हणून जे काम केले, ते पाहिले म्हणजे या हिशेबाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. इव्हान लेंडल, पॅट रॅफ्टर, रॉजर फेडरर आणि लेटन ह्युइट हे चारही खेळाडू कधी ना कधी जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी होते आणि चौघांनीही रोच यांचे मार्गदर्शन घेतले. दुहेरीच्या मैदानावर कमावलेली विद्या एकेरीच्या इतक्या मातब्बर खेळाडूंना का हवीशी वाटली, हा प्रश्न केवळ टेनिसच्या जाणकारांनीच विचारावा असा नाही. जेथे जेथे एक मनुष्य दुसऱ्यास शिकवितो, तेथे तो उपयोगी पडणारा आहे.

खेड्यातून संघाकडे

न्यू साउथ वेल्स राज्यातील टार्कटा हे लहानसे गाव सिडनी आणि मेलबर्न या दोन महानगरांना जोडणाऱ्या रस्त्यावर जवळजवळ मध्यावर वसलेले आहे. रोच यांचा जन्म १७ मे १९४५ रोजी त्या भागातील वॉगा वॉगा या शहरात झाला. बालपण टार्कट्यात गेले. वडील खाटकाचा व्यवसाय करीत. त्या काळच्या ऑस्ट्रेलियात खेडेगावी टेनिस खेळले जाणे हे नवलाचे नव्हते. शाळेच्या, प्रार्थनामंदिराच्या किंवा गावच्या सभागृहाच्या आवारात एखादे-दुसरे कोर्ट असे आणि सुटीच्या दिवशी थोरामोठ्यांसह मुलेही तेथे खेळत. रॉड लेव्हर हे क्वीन्सलंडमधील रॉकहॅम्प्टनचे, मार्गारेट कोर्ट या ऑल्बरीच्या, इव्हॉन गूलागाँग या बॅरेलन नावाच्या गव्हाच्या मुलखातील खेड्याच्या. राजधानीबाहेरच्या मुलांमुलींनी जागतिक टेनिसवर राज्य करावे, यामागे अशा हजारो साध्या कोर्टांचा वाटा होता, ही बाब ग्रामीण क्रीडांगणांचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

तथापि गावातील कोर्टावर खेळ रुजतो. तो घडविण्यास कोणीतरी लागतो. ऑस्ट्रेलियात हे काम डेव्हिस चषक संघाचे कर्णधार हॅरी हॉपमन यांनी केले. त्यांच्या कर्णधारपदाच्या काळात ऑस्ट्रेलियाने हा चषक सोळा वेळा जिंकला. हॉपमन यांची शिस्त कडक होती आणि सरावाची पद्धत त्याहून कडक. तिच्यातील एक प्रकार असा : कोर्टाच्या एका बाजूस एकच खेळाडू उभा करावयाचा आणि जाळीपलीकडे दोघे. ते दोघे चेंडू आळीपाळीने डावीउजवीकडे मारीत राहणार आणि एकट्याने, दम निघेपर्यंत, प्रत्येक चेंडू परतवावयाचा. तरुण रोच यांनी हा सराव एकट्याच्या बाजूने पुष्कळ केला. चाळीशीनंतर ते जाळीपलीकडच्या बाजूस उभे राहिले आणि दुसऱ्यांचा दम काढू लागले, इतकाच काय तो फरक.

जोडी जमविणे

सिडनीचे जॉन न्यूकोंब हे रोच यांच्याहून एका वर्षाने मोठे. या दोघांनी १९६५ साली ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डन या दोन्ही स्पर्धांत दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा विम्बल्डनच्या वेळी रोच वीस वर्षांचे व न्यूकोंब एकवीस वर्षांचे होते. पुढे विम्बल्डनमध्ये त्यांनी १९६८, १९६९, १९७० आणि १९७४ असे आणखी चार विजय मिळविले. ऑस्ट्रेलियन स्पर्धेत चार, फ्रेंच स्पर्धेत दोन व अमेरिकन स्पर्धेत एक धरून चार प्रमुख स्पर्धांतील त्यांची एकूण अजिंक्यपदे बारा झाली. पुरुषांच्या कोणत्याही जोडीस हा आकडा बराच काळ ओलांडता आला नाही. अमेरिकेच्या बॉब व माइक ब्रायन या जुळ्या भावांनी २०१२ साली त्याची बरोबरी केली आणि २०१३ च्या प्रारंभी तो मागे टाकला. रोच यांचे तेरावे अजिंक्यपद मात्र न्यूकोंब यांच्यासमवेतचे नव्हे. ते त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये आर्थर ॲश यांच्या साथीने मेलबर्नला मिळविले.

दुहेरी म्हणजे दोन एकेरीचे खेळाडू एका बाजूस उभे करणे, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते, दुहेरीचे ३६ फूट. रुंदी एक-तृतीयांशाने वाढते, खेळाडू मात्र दुप्पट होतात. त्यामुळे मोकळी जागा कमी आणि निर्णयास लागणारा वेळही कमी. मागच्या रेषेवरून चेंडू मारणाऱ्यापासून समोरच्या मागच्या रेषेपर्यंतचे अंतर ७८ फूट असते. तोच प्रतिस्पर्धी जाळीजवळ येऊन उभा राहिला म्हणजे ते ५० फुटांच्या आत येते. चेंडू टप्पा पडण्यापूर्वीच हवेत परतवावयाचा, ज्यास व्हॉली म्हणतात, त्यासाठी रॅकेट मागे नेण्यास अवसरच नसतो. मनगट घट्ट, पाऊल पुढे आणि नजर चेंडूवर, एवढेच साधते. रोच यांची बॅकहँड व्हॉली ही त्यांच्या पिढीतील सर्वोत्कृष्ट फटक्यांपैकी एक मानली जाते.

डावखुरा आणि उजवा यांची जोडी का जमते, याला काही साधी कारणे आहेत. पहिले कारण सूर्याचे. दुहेरीत सर्व्हिस चौघांमध्ये फिरते आणि बाजू दर विषम गेमनंतर बदलतात. याचा हिशेब मांडून पाहिला तर असे आढळते की, एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडूस सर्व्हिस करण्याची पाळी नेहमी कोर्टाच्या एकाच टोकाकडून येते. चेंडू वर फेकताना ज्या टोकास उजव्या हाताच्या खेळाडूच्या डोळ्यांत ऊन येते, तेथे डावखुऱ्याला पुष्कळदा ते येत नाही. तेव्हा ज्याने त्याने आपल्या सोयीचे टोक घ्यावे आणि प्रतिपक्षाच्या दोघा उजव्यांपैकी एकाने डोळे मिचकावीत सर्व्हिस करावी. दुसरे कारण सर्व्हिसच्या वळणाचे. डावखुऱ्याची फिरकी सर्व्हिस समोरच्या खेळाडूच्या डाव्या हाताकडे, कोर्टाबाहेर वळत जाते. गुण ४०-३०, ३०-४० किंवा ॲडव्हान्टेज असतो तेव्हा सर्व्हिस डाव्या चौकटीतूनच करावयाची असते. अर्थात जेथे गेमचा निकाल लागावयाचा तेथेच हे वळण अधिक कामास येते.

मात्र ही झाली भूमिती. जोडी टिकते ती दुसऱ्याच गोष्टीवर. औताच्या बैलजोडीत बाजू ठरलेल्या असतात. डावीकडचा बैल उजवीकडे जुंपला तर दोघांची चाल बिघडते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. दुहेरीतही प्रत्येकाची बाजू ठरते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची उणीव ठाऊक असावी लागते. जोडीदाराचा कोणता फटका आज लागत नाही, तो दमला आहे की चिडला आहे, त्याच्याशी आता बोलावे की बोलू नये, हे सर्व मान न वळविता कळावे लागते. एकेरीचा खेळाडू बव्हंशी आपल्यापुरता विचार करतो. दुहेरीच्या खेळाडूस पंधरा-वीस वर्षे दुसऱ्या मनुष्याचा खेळ वाचण्याचा अभ्यास घडतो. रोच यांनी प्रशिक्षक म्हणून जे भांडवल वापरले, त्याचा मोठा भाग हा होता.

न्यूकोंब व रोच यांचे परस्परसंबंध १९६९ साली विशेष कसोटीस लागले. विम्बल्डनच्या एकेरीच्या उपान्त्य सामन्यात न्यूकोंब यांनी रोच यांना हरविले आणि त्याच स्पर्धेत दोघांनी मिळून दुहेरीचे अजिंक्यपद घेतले. अमेरिकन स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पुन्हा दोघे समोरासमोर आले. या खेपेस पाच सेटनंतर रोच जिंकले. यानंतरही जोडी मोडली नाही.

मेलबर्नचा डिसेंबर

भारतीय वाचकास रोच यांचे नाव आणखी एका कारणाने ओळखीचे वाटावयास हवे. १९६६ साली भारताचा संघ डेव्हिस चषकाच्या आव्हान फेरीत, म्हणजे अंतिम लढतीत, प्रथमच पोहोचला. कलकत्त्यास ब्राझीलविरुद्ध २-२ अशी बरोबरी झाली असता रामनाथन कृष्णन यांनी टॉमस कॉक यांना पाच सेटच्या निर्णायक सामन्यात हरविल्यामुळे हा योग आला. आव्हान फेरी डिसेंबरच्या अखेरीस मेलबर्नच्या कूयाँग मैदानावर, हिरवळीवर झाली. एकेरीत फ्रेड स्टोल व रॉय इमर्सन यांच्यापुढे भारताची मात्रा चालली नाही. दुहेरीत मात्र कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकोंब-रोच या जोडीस ४-६, ७-५, ६-४, ६-४ असे हरविले. एकूण लढत ऑस्ट्रेलियाने ४-१ अशी जिंकली. तो एक गुण भारताने जगातील सर्वोत्तम गणल्या जाणाऱ्या जोडीकडून, तिच्या स्वतःच्या देशात मिळविला होता.

कृष्णन यांचा खेळ ताकदीचा नव्हता. चेंडू अलगद, नेमक्या जागी ठेवण्याची त्यांची हातोटी होती. धावत जाळीकडे येणाऱ्या खेळाडूस पायांशी पडणारा मंद चेंडू जितका त्रास देतो, तितका जोराचा चेंडू देत नाही, हे दुहेरीतील जुने सूत्र आहे. पुढील वर्षी, १९६७ मध्ये, न्यूकोंब व रोच यांनी चार प्रमुख स्पर्धांपैकी ऑस्ट्रेलियन, फ्रेंच व अमेरिकन या तीन जिंकल्या.

पाच अंतिम सामने

रोच यांनी एकेरीतील एकमेव मोठे अजिंक्यपद १९६६ साली पॅरिसला मिळविले. तेथील मातीच्या कोर्टावर अंतिम फेरीत त्यांची गाठ हंगेरीच्या इस्तवान गुल्याश यांच्याशी पडली. सामन्यापूर्वी रोच यांचा घोटा दुखावला होता. नियमाप्रमाणे खेळ झाला असता तर लाभ गुल्याश यांचाच होता. परंतु त्यांनी सामना एक दिवस पुढे ढकलण्यास मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी रोच तीन सेटमध्ये जिंकले. गुल्याश यांच्या या खिलाडूपणाची क्रीडाजगतात योग्य ती दखल घेण्यात आली.

याच्या आगेमागे पाच पराभव आहेत. फ्रेंच स्पर्धेत १९६५ साली स्टोल यांच्याकडून व १९६७ साली इमर्सन यांच्याकडून. विम्बल्डनमध्ये १९६८ साली लेव्हर यांच्याकडून. अमेरिकन स्पर्धेत १९६९ साली पुन्हा लेव्हर यांच्याकडून आणि १९७० साली केन रोझवॉल यांच्याकडून. यांतील १९६९ चे वर्ष टेनिसच्या इतिहासात लेव्हर यांचे वर्ष म्हणून ओळखले जाते, कारण त्यांनी त्या एका वर्षात चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. त्या यशाच्या आरंभी आणि शेवटी रोच उभे होते. जानेवारीत ब्रिस्बेनच्या कडक उन्हात उपान्त्य सामना नव्वद गेम चालला. लेव्हर यांनी तो ७-५, २२-२०, ९-११, १-६, ६-३ असा जिंकला. टायब्रेकरचा नियम तेव्हा आलेला नव्हता, म्हणून दुसरा सेटच बेचाळीस गेमचा झाला. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ओल्या हिरवळीवर अंतिम सामन्याचा पहिला सेट रोच यांनी घेतला; नंतर लेव्हर यांनी खिळ्यांचे बूट चढविले आणि पुढचे तिन्ही सेट जिंकले.

दरम्यान खेळाची सारी व्यवस्थाच बदलत होती. हौशी म्हणविणाऱ्या खेळाडूंना आयोजकांकडून आडमार्गाने पैसे मिळत आणि उघडपणे व्यावसायिक झालेल्यांना मोठ्या स्पर्धांतून बाहेर ठेवले जाई, असा त्यापूर्वीचा दुटप्पी प्रकार होता. न्यूकोंब, रोच आणि आणखी सहा खेळाडूंनी १९६७ च्या अखेरीस अमेरिकेतील एका नव्या व्यावसायिक संस्थेशी करार केले. काही महिन्यांतच, १९६८ च्या एप्रिलमध्ये, स्पर्धा सर्वांना खुल्या झाल्या. यात या आठ जणांच्या निर्णयाचा वाटा मोठा होता. त्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. करारबद्ध खेळाडूंना डेव्हिस चषकाचे दार १९७३ पर्यंत बंद राहिले; १९७२ साली तर संघटनांच्या भांडणात विम्बल्डनचेही.

हाताचे दुखणे

सत्तरच्या दशकात रोच यांचे डावे कोपर व खांदा यांनी त्यांना सतत त्रास दिला. ज्या फिरकी सर्व्हिसवर त्यांचा खेळ उभा होता, तीच कोपरास सर्वांत अपायकारक होती. शस्त्रक्रिया झाल्या, विश्रांतीचे लांब काळ गेले. सर्व उपायांनी गुण येईना, तेव्हा ते फिलिपिन्समधील एका श्रद्धोपचारकाकडेही गेले. या प्रकाराची वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. शास्त्रीय दृष्ट्या अशा उपचारांस आधार नाही. परंतु ज्याचे सारे चरितार्थाचे साधन एका सांध्यात आहे, त्या माणसाची अगतिकता त्यातून समजते.

दुखण्याच्या या वर्षांतही त्यांचा खेळ संपला नव्हता. विम्बल्डनच्या १९७५ च्या उपान्त्य सामन्यात त्यांनी ॲश यांना पाच सेटपर्यंत झुंजविले आणि ॲश पुढे विजेते ठरले. डिसेंबर १९७७ मध्ये सिडनीला डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीसाठी निवड समितीने बत्तीस वर्षांच्या रोच यांना एकेरीत उतरविले, तेव्हा समोर इटलीचे आद्रियानो पानाता होते. पानाता यांनी आदल्याच वर्षी, १९७६ मध्ये, फ्रेंच अजिंक्यपद मिळविले होते आणि इटलीने चषक. रोच यांनी त्यांना ६-३, ६-४, ६-४ असे हरविले आणि ऑस्ट्रेलियाने लढत ३-१ अशी जिंकली. दहा वर्षांपूर्वी याच चषकासाठी ते दुहेरीत खेळले होते.

प्रशिक्षकाच्या कामाचा पहिला अनुभव त्यांना याआधीच मिळाला होता. अमेरिकेत १९७४ साली स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघांची एक व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तिच्यातील डेन्व्हर येथील संघाचे ते खेळाडू व प्रशिक्षक असे दोन्ही होते आणि पहिल्याच वर्षी तो संघ विजेता ठरला.

लेंडल यांचा अभ्यास

इव्हान लेंडल यांनी १९८५ साली रोच यांना प्रशिक्षक म्हणून बोलाविले. लेंडल तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. जन्माने चेकोस्लोव्हाकियाचे, मागच्या रेषेवरून चेंडू ठोकण्यात अद्वितीय, मेहनतीत कोणास हार न जाणारे. परंतु अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत ते १९८२, १९८३ आणि १९८४ असे लागोपाठ तीनदा हरले होते. पहिले दोन पराभव जिमी कॉनर्स यांच्याकडून, तिसरा जॉन मॅकेन्रो यांच्याकडून. कॉनर्स आणि मॅकेन्रो दोघेही डावखुरे. अशा वेळी सरावासाठी डावखुरा, जाळीवर निष्णात आणि तरीही तासन् तास उभा राहण्यास तयार असा गुरू मिळणे, यात लेंडल यांची पारख दिसते. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात त्यांनी मॅकेन्रो यांना तीन सेटमध्ये हरविले. पुढील पाच वर्षांत लेंडल यांनी चार प्रमुख स्पर्धांपैकी अमेरिकन स्पर्धा एकूण तीन वेळा, फ्रेंच दोन वेळा व ऑस्ट्रेलियन दोन वेळा जिंकली. त्यांच्या आठ मोठ्या अजिंक्यपदांपैकी सात या काळातील आहेत.

एका खेळाडूबरोबर वर्षभर प्रवास करणारा खाजगी प्रशिक्षक ही कल्पना तेव्हा फार जुनी नव्हती. हॉपमन यांच्यासारखे कर्णधार संपूर्ण संघ घडवीत. स्वीडनचे लेनार्ट बेर्गेलिन यांनी ब्योर्न बोर्ग यांच्यासमवेत राहून नवा प्रघात पाडला होता. या नात्यात एक अवघडलेपण असते. गुरूचे वेतन शिष्य देतो आणि सामन्याच्या वेळी गुरूस बोलण्याची मुभा नसे, कारण त्या काळच्या नियमानुसार प्रेक्षकांतून सूचना देणे निषिद्ध होते. सारे सांगणे सरावात उरकावे लागे. रोच यांचा स्वभाव मुळात मितभाषी. थोडे बोलावयाचे, एका वेळी एकच गोष्ट सुधारावयास घ्यावयाची आणि ती अंगवळणी पडेपर्यंत सोडावयाची नाही, अशी त्यांची रीत. वर्गात पुष्कळ सांगणाऱ्या शिक्षकापेक्षा कमी सांगून अधिक करवून घेणाऱ्या शिक्षकाचे काम अवघड असते, हे अनुभवी शिक्षकांस ठाऊक आहे.

या शिकवणीतील सर्वांत बोधप्रद भाग मात्र अपयशाचा आहे. लेंडल यांना विम्बल्डन जिंकावयाचे होते. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, घसरत वेगाने येतो; मागे उभे राहून लांब फटके मारणाऱ्यास तेथे वेळ मिळत नाही. सर्व्हिसच्या मागोमाग जाळीकडे जाऊन व्हॉली मारणे हाच त्या काळचा राजमार्ग होता, आणि तो जाणणारे रोच यांच्याहून थोर फारसे कोणी नव्हते. म्हणून पंचविशीनंतर एका प्रथितयश खेळाडूस खेळाची नवी मुळाक्षरे गिरवावी लागली. सरावासाठी लेंडल ऑस्ट्रेलियापर्यंत जात. १९८६ साली ते विम्बल्डनच्या अंतिम फेरीत आले, बोरिस बेकर यांच्याकडून हरले. १९८७ साली पुन्हा आले. या वेळी विजेते ठरले ते ऑस्ट्रेलियाचे पॅट कॅश, म्हणजे रोच यांचेच देशबांधव. १९८८ व १९८९ साली उपान्त्य फेरीत बेकर आडवे आले. १९९० साली लेंडल यांनी हिरवळीवरील सरावास वेळ मिळावा म्हणून फ्रेंच स्पर्धाच सोडून दिली, लंडनची क्वीन्स क्लब स्पर्धा जिंकली आणि विम्बल्डनच्या उपान्त्य सामन्यात स्टेफान एडबर्ग यांच्याकडून तीन सेटमध्ये पराभूत झाले.

व्हॉली ते शिकले, यात शंका नाही. परंतु शिकलेली व्हॉली आणि लहानपणी हाताला लागलेली व्हॉली यांत क्षणाच्या काही भागाचे अंतर राहते. एडबर्ग यांना विचार करावा लागत नसे. लेंडल यांना लागे. गुरू कितीही थोर असला तरी विशिष्ट वयानंतर तो कौशल्य देऊ शकतो, सहजता देऊ शकत नाही, असा निष्कर्ष यावरून काढावासा वाटतो. तथापि त्याच उपक्रमामुळे लेंडल दोन अंतिम व तीन उपान्त्य सामन्यांपर्यंत गेले, हेही विसरून चालणार नाही.

पुन्हा न्यूकोंब यांच्या साथीने

ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस चषक संघाची सूत्रे १९९४ साली न्यूकोंब यांच्याकडे कर्णधार म्हणून व रोच यांच्याकडे प्रशिक्षक म्हणून आली. विम्बल्डनची पहिली दुहेरी जिंकल्यास तोवर एकोणतीस वर्षे लोटली होती. कामाची वाटणी जुनीच राहिली. न्यूकोंब मोकळे, बोलके, कोर्टालगतच्या खुर्चीवर बसून उत्साह देणारे. रोच सरावाच्या कोर्टावर, चेंडूंच्या टोपलीशेजारी. याच काळात रॅफ्टर यांनी १९९७ व १९९८ साली अमेरिकन अजिंक्यपद मिळविले. जाळीवर धाव घेण्याची जुनी ऑस्ट्रेलियन पद्धत पुन्हा एकदा विजयी झालेली त्यांच्यात दिसली.

डिसेंबर १९९९ मध्ये अंतिम लढत फ्रान्समधील नीस येथे होती. यजमानांनी ऑस्ट्रेलियनांना गैरसोयीचे म्हणून मातीचे कोर्ट मुद्दाम निवडले होते आणि रॅफ्टर दुखापतीमुळे खेळू शकत नव्हते. मार्क फिलिपुसिस यांनी आपले दोन्ही एकेरी सामने जिंकले. दुहेरीत टॉड वूडब्रिज व मार्क वूडफोर्ड यांनी पहिला सेट गमावूनही विजय मिळविला. एकेरीतील दोन आणि दुहेरीतील एक अशा तीन गुणांनी चषक १९८६ नंतर प्रथमच ऑस्ट्रेलियाकडे आला. डेव्हिस चषकाच्या जुन्या रचनेत पाचांपैकी एकच सामना दुहेरीचा असे, परंतु तो मधल्या दिवशी येई आणि १-१ अशी स्थिती असता तोच लढतीचा कणा ठरे. ज्या दोघांनी १९६६ साली हा मधला सामना भारताविरुद्ध गमावला होता, त्यांना त्याचे मोल सांगण्याची गरज नव्हती. पुढील वर्षी बार्सिलोना येथे स्पेनकडून अंतिम लढतीत ३-१ असा पराभव झाला आणि या जोडीने संघाची धुरा खाली ठेवली.

साठीनंतरचे शिष्य

रॉजर फेडरर यांनी २००५ च्या आरंभी रोच यांचे साहाय्य घेतले, तेव्हा ते आधीच क्रमवारीत पहिले होते. वर्षातील ठरावीक आठवडे सराव, एवढ्यापुरतीच ही व्यवस्था होती. समोर उभे राहत होते ते स्पेनचे राफाएल नदाल, आणि तेही डाव्या हाताने खेळणारे. वीस वर्षांपूर्वी लेंडल यांना जी गरज भासली होती, तशीच ही. मे २००७ मध्ये ही व्यवस्था संपली तोपर्यंत फेडरर यांनी सहा मोठी अजिंक्यपदे मिळविली होती. मात्र पॅरिसची माती त्यांना नदाल यांच्यापुढे जिंकता आली नव्हती. गंमत अशी की, रोच यांच्यापासून विभक्त झाल्यावर थोड्याच दिवसांत हॅम्बुर्ग येथे फेडरर यांनी नदाल यांना हरविले आणि मातीवरील त्यांची सलग ८१ विजयांची मालिका खंडित केली. याचे श्रेय जुन्या सरावास द्यावे की नव्या मोकळेपणास, याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

त्याच वर्षी ह्युइट हे रोच यांच्याकडे आले. विम्बल्डनचे २००२ चे हे विजेते तेव्हा उतरणीस लागले होते आणि पुढे कमरेच्या व पायाच्या शस्त्रक्रियांनी त्यांना जखडले. दुखऱ्या शरीराने खेळत राहावयाचे कसे, हा विषय त्यांच्या गुरूस पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

रॅफ्टर यांच्याकडे ऑस्ट्रेलियाचे कर्णधारपद २०१० च्या अखेरीस सोपविण्यात आले, तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्यांच्याशेजारी पुन्हा रोच होते. लेंडल यांनी खेळ सोडून बरीच वर्षे झाल्यावर २०१२ च्या आरंभी ब्रिटनच्या अँडी मरे यांचे प्रशिक्षकपद स्वीकारले. मरे हेही तोवर मोठ्या स्पर्धांचे तीन अंतिम सामने हरलेले होते. त्यांनी २०१२ साली अमेरिकन स्पर्धा जिंकली आणि ७ जुलै २०१३ रोजी विम्बल्डनचे पुरुष एकेरीचे अजिंक्यपद मिळविले. १९३६ नंतर एखाद्या ब्रिटिश पुरुषास ते प्रथमच मिळत होते. हिरवळीसाठी ज्यांनी एके काळी फ्रेंच स्पर्धा सोडून दिली होती, ते लेंडल त्या दिवशी प्रशिक्षकांच्या जागेवर, नियमाप्रमाणे न बोलता, बसून होते.